शेवटचा हात कोणाचा?

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी काका त्याला नमस्कार करायचे आणि मग विचारायचे, "शेवटचा हात कोणाचा?" उल्हासनगरात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. तुम्हीही कधी काही दुरुस्तीला नेलं असेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे: कोणीच हात लावला नाही.

"कोणीच नाही? मग भूत असेल. भुताचे जादा पडतात, शेठ."

मी घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाही. पण मी भाव पाडायला लागलो की काका शांतपणे काढलेले स्क्रू परत बसवायला घ्यायचे.

मोरिवलीतला माझा कारखान्याचा गाळा मी एका लेथ मशीनवर उभा केला. साडूला भागीदार करून घेतलं, ती चूक. त्याने अख्ख्या गाळ्यावर हक्क सांगितला आणि प्रकरण लवादाकडे गेलं. सुनावणी व्हिडिओवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला. वकिलाने बजावलं होतं, "मोबाईलवरून नको, मध्येच तुटतं. चेहरा दिसला नाही तर गैरहजर धरतील. मग साडू म्हणेल तेच खरं."

साडेनऊला गाळ्यातच लॅपटॉप उघडून व्हिडिओ तपासला. आवाज येत होता, चित्र काळं. बंद करून चालू केला. सेटिंग बघितलं, कॅमेऱ्याला परवानगी होती. चित्र काळंच. वीस वर्षांचा गाळा त्या काळ्या चौकटीत बुडताना दिसत होता. बायकोला फोन करून तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा उद्धार केला. मग काकांना बोलावलं.

ते रिक्षाने पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. नमस्कार केला. "शेवटचा हात कोणाचा?"

"साडूचा! त्यानेच काहीतरी करून ठेवलंय!"

"काल आला होता तो?"

"नाही."

"मग काल कोण होतं?"

"मी. दसरा होता, यंत्रांची पूजा केली."

"याचीपण?"

"याची नाही करणार? सगळे कागद यातच आहेत."

काका वाकले. स्क्रीनच्या वर, बरोबर मधोमध, माणसाच्या कपाळाला लावावा तसा मी हळदकुंकवाचा टिळा लावला होता. थेट कॅमेऱ्यावर. सकाळपासून तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पण पूजेच्या टिळ्यावर कोण संशय घेणार?

मी बाहीने पुसायला धावलो. त्यांनी हात धरला. "चरा पडेल. आणि पूजेचं असं पुसतात का?" फडकं ओलं करून ते पुटपुटले, "देवी, जरा बाजूला सर," आणि टिळा अलगद टिपून घेतला. फडक्यावरचं कुंकू बोटाने माझ्या कपाळाला लावलं. "बसा आता. आणि साहेबांसमोर साडूला शिव्या नकोत, शेठ."

चित्रात चेहरा आला. पांढराफटक, वर लाल ठिपका. इतका घाबरलेला मी मलाच कधी दिसलो नव्हतो. सुनावणीभर काका लॅपटॉपमागे भिंतीला टेकून उभे होते. माझा आवाज चढला की ओठांवर बोट ठेवायचे.

गाळा राहिला. साडूशी बोलणं नाही ते नाहीच.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं मिळतात. यंदा दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करताना बोट कॅमेऱ्यापाशी आलं आणि मी ते मागे घेतलं. टिळा झाकणावर लावला. बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. ते मी लॅपटॉपमागच्या भिंतीला टेकवलं, साधारण काकांच्या कपाळाच्या उंचीवर.