चैत्रातला पूर आणि ताईच्या कुरडया

जळगावहून निघताना अंगावरची सुती साडी हलकी वाटत होती. ताईकडे जायला उधन्याला उतरले तेव्हा तीही नकोशी झाली. चैत्र नुकता लागलेला, ऊन मात्र वैशाखाचं. रिक्षावाल्याने फोन पुढे धरला. “बेन, जुओ, आजे वरसाद!” (बघा, आज पाऊस!)

त्या अंदाजात उष्णतेची लाट होती, गडगडाट होता, जोरदार पाऊस होता आणि सखल भागात पाणी शिरण्याची शक्यताही होती. बर्फ तेवढा राहिला होता. काहीतरी खरं ठरणारच, इतक्या काळजीने तो लिहिला होता.

डिंडोलीत ताईच्या बिल्डिंगची गच्ची ओल्या कुरडयांनी पांढरीशुभ्र झाली होती. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. आमच्या खानदेशात रुखवतात विकतच्या कुरडया ठेवल्या, तर सासरकडच्या बायका नातवंडांनाही ते सांगतात. ताईने गहू भिजवून, चीक काढून पहाटेच तो शिजवला होता.

“आज कडक ऊन भेटनं का झायं,” (मिळालं की झालं) ती म्हणाली.

तेवढ्यात दाजी फोन नाचवत वर आले. “खाडीपूर येनार शे! खालनं सामान वर!”

तळमजल्यावरचे लोक आभाळाकडे बघायला थांबलेच नाहीत. पावसात खाडी फुगून पाणी वस्तीत शिरतं, म्हणून पुराचं नाव निघालं की इथे हात आधी चालतात. सोफा, पेट्या, शिलाई मशीन, सगळं गच्चीकडे निघालं. पावसाच्या भीतीने ताई कुरडया पहिल्या मजल्यावरच्या घरात उतरवू लागली. जिन्यात गाठ पडली.

“दीदी, पहले फ्रिज जाने दो!” तळमजल्यावरची शेजारीण म्हणाली.

“फ्रिजले ऊन लागत नही, बाई! मना कुरडयास्ले लागस!” ताई ओरडली.

फ्रिज जिंकला. दुपारी गच्चीवर सोफे छान वाळत होते आणि कुरडया बंद खोलीत घामेजत होत्या. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. “सामान खाली न्या,” मी दाजींना म्हटलं. ते म्हणाले, इशारा संध्याकाळपर्यंत आहे. सरकारी शक्यता मुदतीआधी उठवणार कोण?

पावसाचा थेंबही पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं तर आंबूस वास आला. कुरडया चिकटून लगदा झाल्या होत्या. मला रडू आलं आणि अंदाजवाल्यांना मी छापता न येण्यासारखं बरंच काही बोलले.

“तुला राग नाही येत?” मी तिला विचारलं.

ती लगदा गोळा करत राहिली. मग म्हणाली, “नवागामले ऱ्हाऊत तवय रातले पानी घरमा घुसनं. कोनी सांगेल नव्हतं. पोरं खांद्यावर लीसन हुभा व्हतूत.” (नवागामला राहायचो तेव्हा रात्री पाणी घरात घुसलं; मुलांना खांद्यावर घेऊन उभे होतो.) “आते सांगतस तरी. कुरडया परत व्हतीस.” (परत होतील.)

मी निघाले तेव्हा तिने दुसरे गहू भिजत घातले होते. परतीच्या गाडीत, घरी सांगायला मी या अंदाजाची टिंगल जुळवायला बसले, पण ती पुढे सरकेना. माझ्या जळगावच्या घराचा उंबरा पाण्याने कधी ओला झालेला नाही. हसणं मला परवडतं, ते त्यामुळे.