कारंज्याची हवा

माझ्या मावसभावाइतका घाबरट माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्याच्याइतक्या मुलींच्या प्रेमात पडलेला तर नसेलच नसेल. या दोन गोष्टी एका माणसात नांदल्या, कारण त्या सगळ्या मुली चित्रातल्या होत्या. जपानी चित्रातल्या. त्यांना कार्टून म्हटलेलं त्याला खपत नाही, ॲनिमे म्हणायचं. वय चव्वेचाळीस, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून, बोरगाव मेघेत दोन खोल्या, आणि त्या दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर निळ्या-गुलाबी केसांच्या, बशीएवढ्या डोळ्यांच्या मुली. मावशी जिवंत होती तोवर तिची एकच तक्रार असे, "याले कोनतीबी पोरगी दाखवा, डोये लहान हायेत म्हन्ते." त्याचे वडील पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते आणि घरात भांडंसुद्धा आपटायचं नाही अशी त्यांची शिस्त होती. त्यामुळे 'काही झालं म्हणजे?' हा प्रश्न त्याला बाळकडूबरोबरच मिळाला. तो दाराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून पाहतो. मग ओढल्यामुळे ढिलं झालं असेल म्हणून पुन्हा येतो.

ॲनिमे पाहणारे पुष्कळ आहेत, हे मला त्याच्यामुळेच कळलं. पण नायक-नायिकेचं जमावं एवढ्यावर हा समाधानी नसे. ज्यांचं जमणं शक्यच नाही, अशांच्या जोड्या लावणं हा त्याचा खरा छंद. अशा जोडीला तो 'विजोड' म्हणतो. आपण हा शब्द नाक मुरडून वापरतो, तो उत्तम आंब्याची जात सांगावी तसा वापरतो. एका मालिकेतला शेकडो माणसं मारणारा सेनापती आणि त्याच मालिकेत एकदाच, पातेलं घासताना दिसलेली शाळेच्या खानावळीतली आचारीण, ही त्याची सगळ्यात लाडकी जोडी. दोघं मालिकेत कधी एकमेकांशी बोललेलीच नाहीत. मोबाइलवरच्या ॲनिमेवाल्यांच्या मंडळात लातूरच्या एका कॉलेजातल्या मुलीनं "काका, हे कसं शक्य आहे?" असं विचारलं, तेव्हा यानं तिला नऊ पानांचं उत्तर पाठवलं. त्यातला मुख्य पुरावा असा की, तिसऱ्या भागात दोघांनी एकच ढग पाहिला होता. उत्तर पाठवल्यावर मात्र ती रागावली असेल या भीतीनं दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते नमस्काराचं की 'पुरे करा'चं, हे ठरवायला तो माझ्याकडे आला होता.

मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. शाल-श्रीफळाच्या इतक्या समारंभांत खुर्च्या मांडल्या की, मोठ्या आवाजात सांगितलेल्या सिद्धांतावर माझा विश्वास चटकन बसत नाही. याचे सिद्धांत लहान आवाजातले असत, एवढाच फरक. "ताई, पोह्यावर तर्री ओतायची हे पयल्यांदा ज्याच्या डोक्यात आलं, त्याले लोकं काय म्हनले असतीन?" असं त्यानं मला एकदा विचारलं. त्याच्या कार्यालयातल्या, सगळ्या तालुक्याला दटावणाऱ्या आवक-जावकच्या मॅडम आणि चार शब्दांपुढे न बोलणारा जीपचा ड्रायव्हर ही जोडी त्यानं दोन वर्षं आधी लावली होती. त्यांचं लग्न झालं, त्या दिवशी तो अक्षता न टाकता हातात घेऊन पंगत बसेपर्यंत उभा होता. खरं झालं की त्याला जास्त भीती वाटते.

एकदा मंडळाच्या मेळाव्याला नागपूरला गेला, तो सेनापतीच्या वेषात. पांढरा टोप, पांढऱ्या भुवया. परतीच्या एसटीत कंडक्टरनं एकदा वर पाहिलं आणि न विचारता अर्धं तिकीट फाडून दिलं. टोप काढावा तर लबाडी उघडी पडेल, ठेवावा तर ती चालू राहील, अशा पेचात तो वर्ध्यापर्यंत खोकत आला. वाटेत एका मुलीनं त्याला जागाही दिली. तिला तो अजून विसरलेला नाही; तिचे डोळे मोठे होते म्हणाला.

पण या सगळ्याहून अवघड प्रकरण म्हणजे त्याचे जपानी खेळ. हे प्रेमाचे खेळ असतात. पडद्यावर एक मुलगी येते, काहीतरी विचारते, खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. बरोबर निवडलं तर कोपऱ्यातलं बदाम भरतं, चुकलं तर मुलगी हळूहळू दुसऱ्याची होते. याच्या एका हातात टॅब, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलचा कॅमेरा टॅबवर धरला की जपानी अक्षरांच्या जागी मराठी उमटतं. मुलगी विचारते, 'आज पाऊस येईल का?' उत्तरं अशी: एक, 'येईल.' दोन, 'माझ्याकडे छत्री आहे.' तीन, 'गप्प राहा.' यावर तो तीन-तीन दिवस विचार करी. आणि खेळात एक सोय असते, उत्तर देण्याआधी खेळ आहे तिथे जपून ठेवता येतो. चुकलं तर परत तिथूनच सुरू. ही सोय त्याला देवानं मनुष्यजन्मात का दिली नाही, याचं दुःख मी त्याच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं आहे. मुली पाहायला गेला तेव्हा प्रत्यक्षात तो नेहमी तिसरं उत्तर निवडत आला. एका घरी मुलीच्या वडिलांनी "चहा का कॉफी?" विचारलं. हा इतका वेळ गप्प बसला की, आतून दोन्ही आलं आणि स्थळ गेलं.

त्या मोबाइलच्या मराठीचा त्याच्या बोलण्यावरही परिणाम झाला. जपानी माणसं काम संपल्यावर एकमेकांना जे म्हणतात, त्याचं मोबाइल 'आपण दमला आहात' असं करतो. हा ते रोज संध्याकाळी साहेबांना म्हणू लागला. महिन्याभरात साहेबांनी रक्तदाब तपासून घेतला. नव्या ओळखीच्या माणसाला ती माणसं जे म्हणतात, त्याचं होतं 'कृपया माझ्याशी चांगले वागा.' हे वाक्य त्यानं कधी कोणाला म्हटलं नव्हतं, पण मला एकदा वाचून दाखवलं होतं. "किती चांगलं हाये न, ताई. पयलेच सांगून टाकाचं."

दोनेक वर्षांपूर्वी कामासाठी कारंजा-घाडगे तालुक्यातल्या गावांतून पाण्याचे नमुने आणायला तो जाऊ लागला, आणि हायवेवर त्याची मोटरसायकल पंक्चर झाली. तिथे ट्रकच्या टायरांचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंचा नवरा ट्रकवर होता; तो वारल्यावर पाना त्यांनी हातात घेतला. उंच, पदर खोचलेला, आवाज असा की रस्त्यापलीकडचा ड्रायव्हर आपोआप ब्रेक दाबतो. तेव्हापासून हा आठवड्याला हवा भरायला कारंज्याला जाऊ लागला. नमुन्यांचं काम संपलं तरी जाऊ लागला. दीड-दोन तासांचा रस्ता.

"वर्ध्यात हवा मिळत नाही का?" मी विचारलं.

"तिथची हवा टिकते, ताई."

मग मला कळलं. आणि कळल्यावर माझ्या तोंडून "टायरवाली?" असं निघून गेलं. एकच शब्द, पण तो ज्या सुरात निघाला तो सूर माझा मीच ऐकला.  पुढचे तीन रविवार तो नेहमीसारखा पाच वाजता चहाला आला नाही.

चौथ्या आठवड्यात शुक्रवारीच आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. बाईंनी त्याच्या मोटरसायकलीची हवा तपासता तपासता, मान वर न करता त्याला सांगितलं होतं, "तुमी हवेसाठी येत नाई, हे मले समजते. रविवारी घरच्या मोठ्या मानसाले घेऊन या अन् काय ते सांगून टाका. सांगाचं नसन त हवा वर्ध्यातच भरजा."

घरचं मोठं माणूस म्हणजे मी. सेनापती आणि आचारणीसाठी नऊ पानं लिहिणारा हा माणूस स्वतःच्या जोडीबद्दल मात्र म्हणाला, "ताई, हे कोनी मानन का? मी असा. ते तशी." मी म्हटलं, "एकच ढग पाहिलाय का दोघांनी?" त्याला हसू आलं नाही. मलाही ते नीटसं आलं नव्हतं. ती रात्र मी त्याच्याऐवजी घाबरण्यात घालवली. हा रविवारी गप्प राहिला, तर आयुष्यभर गप्प राहील, हे मला दिसत होतं.

रविवारी सकाळी मी माझी जुनी गाडी काढली. तो निळा शर्ट घालून आला, परत जाऊन पांढरा घालून आला. खिशात कागद होता, त्यावर तीन उत्तरं लिहिलेली. आर्वीला पोहे घेतले. तर्रीवर साय धरली तरी त्यानं चमचा लावला नाही. चहा सांगितला, तो मीच प्यायले. तळेगावच्या पुढे म्हणाला, "थांबव जरा." मला वाटलं, परत फिरतो. खाली उतरून मागच्या चाकाकडे पाहत उभा राहिला.

"याच्यातली थोडी हवा काढू का? रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"बस गाडीत," मी म्हटलं. माझा आवाज मावशीसारखा लागला.

दुकानात एक ट्रक जॅकवर उभा होता. बाईंनी पाना खाली न ठेवता आम्हाला दोन खुर्च्या पायानंच पुढे सरकवल्या. "या जी ताई, बसा." मग माझ्या गाडीच्या चाकावर टाच मारून पाहिली. "हवा त जास्तच हाये. कोनं भरली?"

"यानंच, काल."

"वाटलंच." मग त्याच्याकडे वळून, "मंग?"

त्यानं खिशातून कागद काढला. चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरला, जवळ धरला, घडी करून परत ठेवला. हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा, मग कापसाच्या गाठींचा तिसरा. पडद्यावर असतं तसं बदाम कुठे दिसत नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर ग्रीसचा एक डाग होता, तेवढाच. मी बोलायला तोंड उघडलं तर बाईंनी पाना आडवा केला.

"तुमी नका बोलू, ताई. मी त्यायले विचारलं."

आणखी एक ट्रक गेला. मग तो खुर्चीतून उठला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "कृपया माझ्याशी चांगले वागा."

मी डोळे मिटले.

"आतापर्यंत वाईट वागून राह्यली का मी?" बाई म्हणाल्या.

"नाई."

"मंग?"

"हवा मी वर्ध्यात भरत नाई," तो म्हणाला.

 "बरं," बाई म्हणाल्या आणि ट्रकच्या चाकाचा बोल्ट आवळायला वळल्या. तो बोल्ट त्यांचा आमच्यासमोरच आवळून झालेला होता. दुसऱ्यांदा आवळला, तिसऱ्यांदाही. निघताना हा म्हणाला, "येतो." त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "येजा."

झालं, या शब्दावर परतीचे दोन तास गेले. विदर्भात 'येजा', म्हणजे 'या', निघणाऱ्या सगळ्यांनाच म्हणतात. राहून निघालेल्या पाहुण्यालाही आणि वीजबिल देऊन जाणाऱ्यालाही. "ताई, ते ट्रकवाल्याइलेबी येजाच म्हन्ते. मी ऐकलं हाये. मंग मले म्हनली ते कोनतं येजा?" मी म्हटलं, बोल्टाकडे पाहिलंस का? त्यानं पाहिलं नव्हतं. तो कागद शोधत होता. मी बोल्टाची हकिकत त्याला आर्वीपर्यंत चार वेळा सांगितली. चौथ्यांदा ऐकून त्यानं थंड झालेले पोहे मागितले, असं म्हणत नाही. पण गरम दोन प्लेट खाल्ले.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. सही करण्याआधी त्यानं पेन चालतं की नाही ते तीनदा पाहिलं. लातूरची मुलगी आली होती; तिनं हात जोडले, आणि या वेळी तो नमस्कारच होता. त्यानं कारंज्याला बदली मागून घेतली. बोरगावच्या खोल्या रिकाम्या केल्या, भिंतीवरच्या मुली गुंडाळून नेल्या. बाईंनी दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांना जागा दिली म्हणे. टायरांच्या वरच्या फळीवर. सगळ्यात जुना टॅब मात्र तो माझ्याकडे ठेवून गेला. त्यात एक खेळ आहे, शेवटचा प्रश्न त्यानं सहा वर्षं न सोडवता ठेवलेला. लहानशा स्टेशनावर एक मुलगी पेटी घेऊन उभी आहे. "उत्तर नको देजो, ताई," म्हणाला, "फक्त चार्ज करत जा." मग माझ्या फाटकाची कडी लावून कोपऱ्यापर्यंत गेला. मी खिडकीत उभी होते. तो परत आला नाही.

जाताना "येतो" म्हणाला होता. आपल्याकडे जाणारा माणूस 'येतो'च म्हणतो, त्यावर विसंबायचं नसतं, हे मला त्याच्याहून चांगलं माहीत आहे. मी रविवारी पाच वाजता टॅब चार्जला लावते. त्या मुलीनं काय विचारलंय, ते एकदा मोबाइल धरून पाहिलं. 'घरी पोचल्यावर कळवशील ना?' असं होतं. खालची उत्तरं वाचली नाहीत.

माझ्या गाडीच्या पुढच्या चाकात हवा कमी वाटते आहे. चौकात पंप आहे, पाच मिनिटांवर. पण तिथली हवा टिकत नाही. उद्या सकाळी लवकर निघाले, तर उन्हाच्या आत कारंज्याला पोचेन.