लागोसवरून अडलेलं लग्न

पंचवीस वर्षं मी बेळगावच्या हायस्कुलात भूगोल शिकवला, आणि एका इंचभर विमानानं माझ्या मुलीचं लग्न जवळजवळ मोडलं. विमान प्लॅस्टिकचं होतं. पिवळं.

त्याचं झालं असं. प्राजक्ताला बघायला कडोलीहून महेश आणि त्याच्या आई, गंगाक्का, आले होते. पोहे झाले, चहा झाला. पोरं गच्चीवर बोलायला गेली आणि खाली आमचे विषय संपले. (पाऊस, ऊस, रस्त्यातले खड्डे; तिन्ही दहा मिनिटांत!) तेवढ्यात मला माळ्यावरचा खेळ आठवला. माझ्या लहानपणी वडिलांनी खडेबाजारातून आणलेला, 'जगाची विमानसफर'. फासा टाकायचा, विमान पुढच्या शहरात न्यायचं, तिथलं कार्ड उचलायचं. उत्तर चुकलं की परत मुंबई!

"आवो, पाहुण्यांस्नी खेळाय बसवतासा?" बायको, सुनंदा, कुजबुजली.

"ज्ञान वाढतं!" मी म्हणालो. (खरं म्हणजे, माझी विद्वत्ता त्यांना आधीच कळावी एवढाच हेतू.)

गंगाक्का शेतात राबणाऱ्या बाई. त्यांना सहावर सहा पडत गेले. मी अजून कराचीतच, आणि त्या थेट आफ्रिकेत!

"नायजेरियाची राजधानी?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"अबुजा."

"चूक! लागोस!"

"लागोस आदी हुतं, सर. आता अबुजा."

"कार्डावर छापलंय, आक्का!"

"माझा थोरला तिथंच नोकरीला हाय. सा म्हैने ऱ्हाऊन आलोय मी. भाकऱ्या थापल्यात अबुजात!"

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी चष्मा सावरला. "ऱ्हायला असशीला, खरं नियम म्हंजे नियम. मुंबईला माघारी जावा!"

गंगाक्कांनी विमान हळूच मुंबईवर ठेवलं, पदर सावरला आणि त्या उठल्या. "मुंबईला कशाला? कडोलीलाच जातो की. महेश, चल रं!"

त्यांची गाडी गेली. प्राजक्ता जिन्यात उभी होती.

"पप्पा, मला तो आवडला होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी मोबाइल काढून बघितलं. अबुजाच! मला नोकरी लागण्याआधीच राजधानी हलली होती!

"आन् किती पोरांस्नी लागोस शिकवलासा?" सुनंदानं विचारलं.

मी स्कूटर काढली. काकतीपर्यंत ठीक गेलो. पुढं डावीकडं वळायचं, ते उजवीकडं वळलो. एकाच उसाच्या फडाला दोन फेऱ्या झाल्यावर गंगाक्कांना फोन लावला.

"आक्का, मी चुकलो."

"असू दे, सर. झालं गेलं."

"तसं न्हवं. म्हंजे तसं बी चुकलो, खरं आता रस्ता चुकलोय. तुमच्याकडंच निघालतो, माफी मागाय."

पलीकडं खळखळून हसू. "समोर काय दिसतंय?"

"ऊस."

"सर, हिकडं सगळीकडं ऊसच हाय! हलू नगासा. महेशला धाडतो."

महेशच्या गाडीमागनं मी कडोलीत पोचलो, हात जोडले, आणि चहा पिता पिता लग्न ठरलं. गंगाक्कांची अट एकच. "हॉल तुमच्याच गल्लीत बघा, सर. कन्यादानाला वेळेत पोचाय पायजे तुमी!"

हॉल मिळाला. घरापासून शंभर पावलांवर! तरी लग्नादिवशी सकाळी सुनंदानं माझ्यासोबत माणूस दिलाच!