नरसव्वाचा ढिला ताणा

नरसव्वा गेली ही बातमी मला केम गावी, माहेरी कळली. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" घर सोडून कुठं जायची सवड त्या बाईला कधी मिळाली होती! सोलापुरात आमची-तिची भिंत एक. मी मराठी, ती तेलुगू, पण भांडणं आम्ही दोन्ही भाषांत केली.

तिचे यजमान मल्लय्याभाऊजी हातमागावर साड्या विणायचे, ती सुताच्या कांड्या भरायची. आमच्या गल्लीत मागावर बसायचं ते पुरुषानंच. आधी हातमाग, मग गिरण्यांचे भोंगे, मग घरोघरी विजेचे माग... आमच्या शहराचा उद्योग असा वाढला. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत आटोपतं हे. पण साड्यांची मागणी आटली तेव्हा भाऊजींचं काय झालं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. नरसव्वाच्या हट्टानं हातमाग निघाला आणि इचलकरंजीहून टॉवेलांचा जुना यंत्रमाग आला, तर भाऊजी भिंतीकडं तोंड करून बसले. "याला विणकर कशाला? बटण दाबायला हमाल बास की!" माग धूळ खात पडला. तो विकायचा आणि भाऊजींनी दुसऱ्याच्या शेडमध्ये गठ्ठे उचलायचे, इथवर गोष्ट आली.

मग एक दिवस नरसव्वानं पदर खोचला आणि स्वतःच माग सुरू केला. अख्खी गल्ली दारात जमून फिदीफिदी हसली. टॉवेल निघाले तेही कसे, जाळीसारखे झिरझिरीत! भाऊजींनी दोन दिवस कसंबसं सोसलं, मग ताडकन उठले. "सर बाजूला! ताणा किती ढिला सोडलास? अब्रू घालवतीस काय माझी?" त्यांनी ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या बीमाचं वजन नीट केलं, माग चालू केला आणि जेवायलासुद्धा उठले नाहीत. पुढं एकाचे चार माग झाले, मागं पत्र्याची शेड उभी राहिली. तिथं आता गल्लीतल्या बायकाही माग चालवतात. त्यांचे टॉवेल परदेशी जातात म्हणे. जातात तर जातातच! माझ्या शेजारणीनं उभं केलंय ते, मी छाती फुगवून सांगणार.

एकदा पापड लाटताना ती हळूच म्हणाली, "कमळे, जन्म गेला माझा सुतात. ताणा ढिला हाय हे मला कळत न्हवतं व्हय? ह्यांना उठवायचं होतं की!" आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. माग बंद, भाऊजी एकटेच शेडमध्ये बसलेले. मला राहवेना, शपथ मोडली... सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय की, वहिनी," ते म्हणाले. "तिच्या हातनं ताणा ढिला राहील व्हय? त्याच दिवशी वळखलं मी."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"माझ्यासाठी तिनं सगळ्या गल्लीचं हसू अंगावर घेतलं. वर मी आणि शहाणपणा दाखवू?" त्यांनी डोळे पुसले, ताण्यावरून तळहात फिरवला आणि माग सुरू केला.