टँकरची यादी आणि केतकीचा नंबर

माझ्या मुलीची पहिली नोकरी मी जवळजवळ घालवली होती, आणि तीही अगदी शिस्तीत.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये. उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर येतो आणि टँकरची यादी मी करते. हे पद मला कोणी दिलेलं नाही. गिरगावातून इथे आलो त्या पहिल्याच मे महिन्यात टँकरपुढच्या झुंबडीत दोन बादल्या आणि एक कवळी (मेहतांच्या आजोबांची) पायाखाली आली, तेव्हा मी वही काढली. नियम तीन. एक, नाव सांगा, नंबर घ्या. दोन, एका घराला एका वेळी दोन बादल्या. तीन, यादी करणाऱ्याचं घर शेवटी. तिसरा नियम मीच घातला, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहू नये. तेव्हापासून आमच्या घरी टँकरच्या तळाचं पाणी येतं. जरा गढूळ असतं, पण इज्जतीचं असतं.

केतकी कॉम्प्युटर इंजिनियर झाली त्या वर्षी मी दुसरी यादी केली. मी सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळते, त्यामुळे माहिती गोळा करणं मला जड जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये नव्या मुलांना किती वाटा आहेत, हे मी ऑफिसातल्या साहेबांच्या भाच्यापासून गोडदेवच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. भाचा म्हणाला, जावाशिवाय तरणोपाय नाही. क्लासवाला म्हणाला, "जावा सहा महिन्यांत संपणार, मॅडम, लिहून घ्या." मी दोन्ही लिहून घेतलं. मग फ्रिजवर मोठा तक्ता लागला. रकाने चार: कुठली लाईन, काम काय, परदेश आहे का, आपल्याला चालेल का. जावा पहिल्या नंबरावर, सपोर्ट सहाव्या (रात्रपाळी), आणि सगळ्यात खाली टेस्टिंग. टेस्टिंगपुढे मी लाल पेनाने लिहिलं होतं, "नको". दुसऱ्यांच्या चुका काढण्यासाठी इंजिनियर कशाला व्हायचं? ते तर आमच्या सोसायटीत सगळेच फुकट करतात.

केतकीने दूध काढायला फ्रिज उघडला, तक्ता वाचला आणि म्हणाली, "आई, मेनफ्रेम दोनदा लिहिलंयस. आणि तीन नंबरला परदेश 'हो' आहे, पण खाली बेरजेत धरलेलं नाहीस."

"तू लाईन बघ. बेरीज काय बघतेस?"

"मला आता कुठलीही लाईन चालेल गं. फक्त कोणीतरी आत घेऊ दे."

हे ती शांतपणे म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. आठ महिन्यांत सात मुलाखती झाल्या होत्या. वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून पुण्याला, बंगळूरला गेल्या होत्या आणि ही शेजारच्या पोरांना आठवीचं गणित शिकवत होती. आल्यागेल्याने "मग, सध्या काय करतेस?" विचारलं की ती पाणी आणायला आत जायची. तिने पाणी आणायला किती वेळ लावावा यावर माझं लक्ष असायचं.

तेवढ्यात बातमी आली. मीरा रोडच्या एका कॉलेजात एक कंपनी येणार, थेट मुलाखती घेणार, नव्या मुलांनाच घेणार. मी रजा टाकली.

"तू कशाला?" केतकी म्हणाली.

"फाईल धरायला."

"फाईल मी धरू शकते, आई."

"मग पाणी धरायला."

आम्ही सातला पोचलो. आमच्या पुढे दोनच मुलं होती. केतकी तिसरी. मी मनातल्या मनात तक्त्यावर जावाची खूण केली. पण साडेआठला फाटकाशी दीडशे मुलं जमली आणि रांग नावाचा प्रकार संपला. वॉचमन "एक एक करके, एक एक करके" म्हणत होता आणि मुलं पाच-पाच करून ढकलत होती. कुणाची मार्कशीट खाली, कुणाचा टाय फाटकात. माझ्या डोळ्यांसमोर मेहतांच्या आजोबांची कवळी आली. मी पर्समधून वही काढली.

"पहिला कोण आला?"

एका मुलाने हात वर केला. "काकू, तुम्ही कंपनीच्या का?"

"नाही. नाव सांग."

त्याने सांगितलं. ही माझी जुनी पारख आहे: वही आणि पेन दिसलं की माणूस नाव सांगतो. अर्ध्या तासात रांग सरळ झाली. वॉचमनने मला स्वतःची खुर्ची दिली. मी नंबर देता देता मुलांच्या फाईलीही बघितल्या. "फोटो कुठाय? चिकटव. डिंक हा घे." "साठ टक्क्यांची अट आहे, मार्कशीट वर ठेव." "शर्ट आत खोच, बाळा, मुलाखत आहे."

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नीलाबेनचा हार्दिक. तोही इंजिनियर, तोही बेकार.

"आंटी, टँकरवाला रूल इधर भी है ना? लिस्टवाले का नंबर लास्ट?"

तो गमतीने म्हणाला की मनापासून, मला आजवर कळलेलं नाही. पण दीडशे मुलं माझ्याकडे बघत होती. मी केतकीचं नाव खोडलं.

"आई, मी तिसरी होते," ती हळूच म्हणाली.

"होतीस."

तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. नंबर एकशे चौसष्ट.

कंपनीचा निखिल नावाचा, टाय लावलेला मुलगा आतून बाहेर आला. सरळ रांग बघून तो आधी फाटकाचा पत्ता चुकलाय का ते बघून गेला. मग माझी यादी मागून घेतली आणि तिची झेरॉक्स काढून आत त्याच यादीवर नावं पुकारायला सुरुवात केली. मला खोटं बोलवत नाही, मला बरं वाटलं. माझं अक्षर कंपनीत गेलं होतं.

बारा वाजता तिसावा नंबर आत गेला. दोनला साठावा. निखिलने बाहेर येऊन सांगितलं, "डेव्हलपमेंटच्या जागा भरल्या. आता फक्त टेस्टिंगच्या आहेत. पाचला बंद करणार."

मी हिशेब केला. माझ्या हिशेबाने एकशे चौसष्टावा नंबर दुसऱ्या दिवशी उजाडणार होता. केतकी भिंतीच्या सावलीत उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. रागावली असती तर चाललं असतं. मला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्या घरी गढूळ पाणी येतं ते फक्त मीच पीत नाही.

चारला निखिल परत आला, या वेळी घाईत. "एक्याण्णव ते शंभर कुठे आहेत? एकाही नंबरावर नाव नाही. दहा मुलं एकदम गेली कुठे?"

मी वही चाळली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. वॉचमन संडासात शोधायला गेला. हार्दिकने चहाच्या टपरीवर जाऊन दहा जणांची चौकशी केली. मी स्वतः फाटकाबाहेर जाऊन "एक्याण्णव, एक्याण्णव" अशा हाका मारल्या. एक रिक्षावाला थांबला.

तेव्हा केतकी पुढे आली. माझ्या हातातली वही घेतली, दोन पानं उलटली.

"ही मुलं नाहीतच. पान उलटताना आईने नव्वदनंतर एकशे एक लिहिलंय." मग निखिलकडे वळून म्हणाली, "आणि सर, अमित पाटील दोन आहेत. आईने एकच नाव दोनदा आलंय समजून एक खोडलाय. तो तिकडे सकाळपासून उभा आहे. आणि एकशे बारा हा नंबर दोघांना दिलाय."

निखिलने झेरॉक्स तपासली. खोडलेल्या अमित पाटीलने लांबून हात हलवला.

"तुम्ही ही यादी आधी बघितली होती?"

"नाही. आत्ताच."

"तुमचा नंबर?"

"शेवटचा."

"का?"

"यादी माझ्या आईची आहे."

त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं. मग वर्गाचं दार उघडून आत कुणाला तरी म्हणाला, "सर, टेस्टिंगसाठी एक आहे. परीक्षा बाहेरच झालीय." रांगेतल्या कुणीच हरकत घेतली नाही. नियमाचं काय, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण वॉचमनने माझ्यासमोर चहा धरला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी तक्त्यावरचं लाल "नको" खोडलं. केतकीने बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "मेनफ्रेम अजून दोनदा आहे." त्या संध्याकाळी मेहतांच्या आजोबांनी विचारलं, "सध्या काय करतेस?" तर ती तिथेच बसून राहिली. पाणी मी आणलं.

याला तीन वर्षं झाली. आता तिच्या हाताखाली नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना एक झेरॉक्स देते आणि म्हणते, यातल्या चुका शोधा. माझीच यादी आहे ती. केतकी म्हणते, एकूण अकरा चुका आहेत आणि सातच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही.

मी मूळ वही काढून दोनदा नीट तपासली. मला चारच सापडल्या.