उघडं आणि मोकळं

माझे धाकटे दीर वेणीमाधव सात रस्त्याजवळच्या गाळ्यात यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करतात. माणूस अबोल. देवाला फूल वाहिलं की जे कॉम्प्युटरपुढं बसतात ते जेवायला दोनदा हाक मारेपर्यंत.

त्यांनी एक पेटी केली ती चन्नम्मासाठी. चन्नम्मा रेवणसिद्धांच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालवते. तिची नजर मंदावली, तुटलेला धागा दिसेना. माल खराब निघायला लागला तसे रेवणसिद्ध म्हणाले, "अक्का, आता दुसरी बाई बघावी लागंल." भाऊजींची पेटी मागाचं बोलणं, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉनिक सिग्नल, ऐकायची आणि धागा तुटला की ओरडायची, "अक्का, तीन नंबर!" आवाज भाऊजींचाच. चन्नम्मा सगळ्यांना सांगायची, "माझा भाऊ पेटीत बसलाय की!" मग आजूबाजूच्या कारखान्यांतही पेट्या लागल्या.

एका सोमवारी पांढरी गाडी गाळ्यासमोर थांबली. मी डबा द्यायला गेले होते. माग बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघाकडून आलेल्या गृहस्थांनी चपला बाहेर काढल्या, देवाच्या फोटोला हात जोडले. इतकं गोड बोलणारा माणूस दारात आला की मला उगाच धास्ती वाटते.

"नवे माग ज्या भाषेत बोलतात, ती तुमच्या पेटीला कशी कळते?" त्यांनी विचारलं.

"त्या भाषेचं पुस्तक तुमच्याच संघाच्या साईटवर आहे," भाऊजी म्हणाले. "वर ओपन लिहिलंय."

"वाचायला ओपन आहे, साहेब. वापरायला परवाना लागतो."

"मग ओपन कशाला म्हणता?"

"परवाना कुणीही मागावा, आम्ही कुणाला दारातून परत पाठवत नाही." ते हसले. "सही करा, अडचण काहीच नाही. फक्त पेटीतला प्रोग्रॅम पुढं कुणाला द्यायचा नाही."

भाऊजींचा चेहरा उतरला. जाता जाता ते गृहस्थ म्हणाले, "सवडीनं कळवा. पेट्या कुठं कुठं आहेत ते चन्नम्माबाईंनी दाखवलंय. फार कौतुक करत होत्या तुमचं."

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, करून टाका की सही. एवढं काय त्यात?"

"वहिनी, प्रोग्रॅम माझा एकट्याचा नाही. तोही ओपनच, पण त्याचं ओपन निराळं. ते भंडाऱ्यातल्या प्रसादासारखं. ज्यांनी लिहिला त्यांनी फुकट दिला, अट एकच: तुझ्या हातून पुढं जाईल तेव्हा घेणाऱ्यालाही असाच मोकळा दे. आणि ही मागाची भाषा म्हणजे अभिषेक. देऊळ सगळ्यांना उघडं, पण पावती फाडल्याशिवाय गाभाऱ्यात जाता येत नाही."

"मग फाडा पावती."

"पावतीवर लिहिलंय, प्रसाद वाटायचा नाही."

घेतलेला प्रसाद मुठीत दाबून धरावा, असं कुणाला कसं सांगू?

"आणि सही नाही केली तर?"

"तर ती भाषा पेटीतून काढायची. नाहीतर ते कारखान्यांवर जातील. रेवणसिद्धांना कोर्टाची भीती घातली की ते चन्नम्माला आधी घरी बसवतील."

आठवडाभर भाऊजी नीट जेवले नाहीत. पांढरी गाडी रोज दिसे, कधी चौकात, कधी कारखान्यांच्या बोळात. थांबायची, कुणी उतरायचं नाही.

पुढच्या सोमवारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, चला." मी सोमवारच्या पूजेचा प्रसाद बरोबर घेतला. कारखान्यात त्यांनी पेटीला वायर जोडली, मान खाली घालून तिच्यातली मागाची भाषा पुसली आणि वायर काढली. पेटीवरचा दिवा हिरवाच राहिला.

चन्नम्मानं माझ्या हातून प्रसाद घेतला, त्यातला निम्मा शेजारच्या बाईच्या हातावर ठेवला आणि पेटीजवळ कान नेला. "माधवा, बिघडलं व्हय? बोलंना."

"बिघडलं नाही, अक्का. गप्प करावं लागलं."

"कुणी सांगितलं?"

भाऊजी वायर गुंडाळत राहिले.

"असू दे," ती हसली. "भाऊ लई ओरडून दमला असंल. मी हाय की."

माग धडधडत होते. चन्नम्मा तीन नंबरपाशी गेली, डोळे बारीक केले, आणि दिसेना तसा चालत्या मागावर हात घातला. बोटांनी धागे चाचपू लागली. पेटी बोलत होती तोवर तिला असं कधी करावं लागलं नव्हतं. धागा ठोकणारी फणी पुढं येई, मागं जाई. तिची बोटं दर खेपेला थोडी आणखी आत जात होती.

"अक्का!" भाऊजी ओरडले.

तिनं पेटीकडं वळून पाहिलं. हात मागातच होता.