दिवाळीनंतरचा हत्ती

आता हसणारच आहात, तर चहा आधी संपवून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत वार्ताहर. भांडखोर म्हणून प्रसिद्ध, आणि मला त्याचा अभिमान. कुठं खड्डा दिसला की बातमी, कुठं दिवा बंद दिसला की बातमी. साहेब लोक मला चहा पाजायचे ते प्रेमानं नाही, भीतीनं. तेव्हा मला ते प्रेमच वाटायचं, हा भाग वेगळा.

तर पिंपळीत आम्ही घर बांधलं. बायको तिथल्याच शाळेत शिक्षिका. स्लॅब पडला, गिलावा झाला, आणि विजेचं काम निघालं. मी जाहीर केलं, "वायरिंगचा आराखडा मी स्वतः काढणार!"

का? तर वीज या विषयावर माझ्याइतकं कुणी लिहिलंच नव्हतं ना! पॉइंट कुठं, बोर्ड कुठं, मेन स्विच कुठं, सगळं ठरवलं. माझ्या टेबलापाशी तीन प्लग काढले. ओट्यापाशी एकही नाही. बायको म्हणाली, "अहो, मिक्सर?" मी म्हणालो, "पाटा-वरवंटा आहे की." ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय खांबापासून घरापर्यंत येणारी तार.

वीज मंडळाचा नामदेव वायरमन आला. गडी बडबड्या. वर्षानुवर्षं रोजंदारीवर काढून नुकताच कायम झालेला, म्हणून खुशीत. म्हणाला, "साहेब, त्या कोपऱ्यावरल्या खांबावरनं तार घिऊ. लांब पडंल, पन रस्ता वलांडाय नको."

लांब पडेल! म्हणजे जास्त वायर! म्हणजे दुकानदाराचं कमिशन! माझ्यातला वार्ताहर ताडकन उठून बसला. "नामदेव, समोर खांब असताना तुला कोपऱ्यावरचा दिसतो? कुणाचं किती ठरलंय? छापू का?"

नामदेव हिरमुसला. "न्हाय वो साहेब. समुरनं तर समुरनं."

रस्त्यावरून आडवी तार आली. थोडी खाली वाटली, म्हणून मी म्हणालो, आपण प्रयोग करू. तेवढ्यात एसटी आली. हात दाखवून थांबवली आणि ड्रायव्हरला तारेखालून हळूहळू न्यायला लावली. प्रवासी खिडकीतून माना काढून बघतायत, कंडक्टर माझ्या नावानं बोटं मोडतोय, आणि गाडी गेली की हो बिनबोभाट!

"बघा!" मी ओरडलो. "एसटी गेली. आता काय इथून हत्ती जाणार आहे?"

शेजारचे सोपानतात्या तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, "हत्ती नसंल जायाचा. पन दिवाळीनंतर..."

"तात्या, दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघू! वायरिंगमधलं तुम्हाला काय कळतं?"

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. म्हणजे विषय संपला.

महिना कोणता होता? मे. साखर कारखाना बंद, रस्त्यावर उसाची एक ट्रॉली नाही.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला. एके दिवशी बायकोचा एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन. "अहो, उसाची ट्रॉली गेली आणि आपली तार तोडून गेली. गच्चीवरचा पाइप वाकला. कठड्याचा कोपरा आला खाली. कुणाला लागलं नाही. पण ऐका, ती तार आपणच..."

"कळलं!" म्हणून मी फोन ठेवला. इथं बातमी मिळाली होती, आणि ही बाई बोलत काय बसली होती?

तिथं न जाता, कुणाला न विचारता, मी बातमी ठोकली. 'पिंपळीतील एका सामान्य नागरिकाच्या' घराची तार तुटली. वायरमन नामदेवच्या हलगर्जीपणाचा हा कळस. अनर्थ थोडक्यात टळला. शेवटी माझं नेहमीचं वाक्य, 'दोषींवर कडक कारवाई व्हावी.'

बातमी छापून आली आणि इंजिनियर साहेब चौकशीला थेट घरी. सोबत नामदेव. वरून हुकूम आला होता, याला घरी बसवा.

मला वाटलं, नामदेव शिव्या देईल. तो म्हणाला, "साहेब, बातमी झ्याक लिवलीया. माझ्या पोरीनं वर्गात वाचली. नाव बघून लई खूश झाली. फुडचं वाचल्यावर मग गप बसली."

चहा कडू लागतो म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

साहेबांनी त्याला विचारलं, "तार इथून कुणी जोडली?"

"मीच जोडली, साहेब."

"जोडली त्यानं," सोपानतात्या म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. मागं रस्त्यात साहेबांची जीप आडवी, म्हणून उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. तार तुटली होती तिथंच उभी असलेली पहिली ट्रॉली मी नीट पाहिली. एसटीच्या टपाच्या कितीतरी वर ऊस! दोर टाकून आवळलेला, डोलणारा. खरंच हत्ती.

उसावर मी हयातभर लिहिलं. भाव लिहिला, साखरेचा उतारा लिहिला, तोडणी लिहिली. पण ऊस ट्रॉलीवर किती उंच चढतो, ते बघायला मान वर करावी लागते. माझी मान कायम कागदात. आणि वर असायची, तेव्हा ती साहेबांवर रोखलेली.

"मी," मी म्हणालो. "मीच घ्यायला लावली. हा कोपऱ्यावरून घेऊ म्हणत होता. मी याला छापायची धमकी दिली."

साहेबांनी खिशातून कात्रण काढलं. अगदी शांतपणे वाचलं, "दोषींवर कडक कारवाई व्हावी." मग विचारलं, "बोला, काय करू?"

मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "करा की वो कारवाई! ऊस वाळाय लागलाय!"

कारवाई झाली. कोपऱ्यावरच्या खांबावर आता जागा उरली नव्हती. नवा खांब रांगेनंच मिळणार, कारण ओळखीवर खांब देऊ नयेत, असंही मीच लिहिलं होतं! तोवर तार जोडून मिळाली, पण एका अटीवर. ट्रॉली आली की सुक्या वेळूनं तार उचलून धरायची, आणि ती घरमालकानं. नामदेवची नोकरी वाचली. माझा खुलासाही छापून आला, पण आतल्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली.

तो सबंध हंगाम मी दारात वेळू घेऊन उभा. ट्रॅक्टरवाले लांबूनच हॉर्न द्यायचे, "ओ पत्रकार, उचला! हत्ती आला!" नामदेव सायकलवरून जाताना हमखास थांबायचा. "साहेब, जरा वर घ्या. छापू का?"

आणि बायको? ती पाट्यावर चटणी वाटता वाटता खिडकीतून म्हणायची, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घटनास्थळी वेळेवर हजर आहात हो!"